पालटाच्या दिवसांतील मनाची धास्ती
(ज्युबिलीनिमित्त प्रकाशा येथें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवशीं आनंदाचें बोलावें असा प्रघात आहे. तथापि आयुष्यांत मोठा पालट होतो तेव्हां मनास जी धास्ती वाटते, तिच्याविषयीं चार शब्द बोलावे अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. हा विषय या गांवास परका नाहीं. तापी व गोमाई यांच्या संगमाजवळील टेकाडाचें उत्खनन १९५४-५५ सालीं श्री. बी. के. थापर यांनीं केलें, तेव्हां ताम्रपाषाणयुगापासून मध्ययुगापर्यंतच्या वस्तीचे चार कालखंड एकावर एक सांपडले. या तीरावर माणसांनीं घरें कितीदां मोडलीं व कितीदां बांधलीं, याचा हिशेब मातीनेंच ठेवला आहे म्हणावयाचा. आजही आपले हिंदु बांधव दिवंगतांच्या अस्थि घेऊन या घाटावर येतात. येतांना कोणी एकटा येत नाहीं, ही गोष्ट आम्हीं नेहमीं पाहिली आहे.

परंतु आज आमच्या मनांत आहेत ते उत्तरेस दिसणाऱ्या सातपुड्यांतील लोक. नर्मदेवरील सरदार सरोवरामुळें अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गांवें बुडिताखालीं आलीं. ज्या कुटुंबाची चतुर्थांशाहून अधिक जमीन जाईल त्यास निदान २ हेक्टर ओलिताची जमीन द्यावी, असा लवादाचा निवाडा १९७९ सालींच झाला होता. कागदावर तो उदार होता. प्रत्यक्षांत ती जमीन हातीं येण्यास कित्येकांना वर्षानुवर्षें झगडावें लागलें, आणि मधल्या काळांत धरणाची भिंत टप्प्याटप्प्यानें चढत २०१७ सालीं १३८.६८ मीटरांवर गेली. पाणी येणार हें ठाऊक, पण कोणत्या पावसाळ्यांत हें ठाऊक नाहीं. अशा स्थितींत भिल्ल, पावरा व तडवी कुटुंबांनीं किती रात्री काढल्या असतील याची कल्पना करावी. जें आलें तें माणूस सोसतो. जें येईल येईल म्हणतात, तें त्यास आंतून पोखरतें.

तळोदें तालुक्यांत रेवानगर, नर्मदानगर अशा वसाहती झाल्या. काहीं वर्षांपूर्वीं अशाच एका नव्या वसाहतींत आम्ही गेलों होतों. एक वृद्ध गृहस्थ अंगणांत बसून होते. आम्हीं मोठ्या शहाणपणानें म्हटलें, "बाबा, आतां रस्ता दाराशीं आला, जमीन सपाट मिळाली, चिंता कसली करतां?" ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "डोंगरांत पोर हरवलें तर कुठें शोधायचें तें मला ठाऊक होतें. इथें मला कांहींच ठाऊक नाहीं." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्यांचा मुलगा मात्र जुन्या पाड्यांतलाच शेजार हवा म्हणून अडून बसला होता, आणि चार माणसें त्यास हट्टी म्हणत होतीं. खरें सांगावयाचें तर आम्हींही मनांत तेंच म्हटलें.

आमची ती चूक होती, हें पुढें वाचनांत आलें. आफ्रिकेंत झांबेझी नदीवर करीबा धरण झालें तेव्हां सुमारें ५७,००० ग्वेंबे टोंगा लोकांस घरें सोडावीं लागलीं. एलिझाबेथ कोल्सन व थेयर स्कडर या अभ्यासकांनीं १९५६ पासून त्यांच्यांत राहून पाहिलें कीं, उठविलेलीं माणसें प्रथम कांहीं वर्षें जुनें तें घट्ट धरून ठेवतात: तेच सोयरे, तेच शेजारी, तेंच पीक. नवें धाडस तीं मागाहून करतात. म्हणजे ज्याला आपण हट्ट म्हणतों तो पुरांत झाडाला घातलेला हात असतो. तो हात सोडविणें ही मदत नव्हे.

होम्स व राही या दोघा डॉक्टरांनीं १९६७ सालीं आयुष्यांतील ४३ पालटांस मनावरील ताणाचे गुण लावून दिले. पतिपत्नींपैकीं एकाच्या मृत्यूस १००, विवाहास ५०, आणि घर बदलण्यास अवघे २०. विवाहासारख्या मंगल कार्यासही ताण असतो हें त्यांनीं नीट ओळखलें. परंतु त्या विसांत नदी, रान, शेजार व कुलदैवत हीं सारीं एकदम बदलणाऱ्या माणसाचा हिशेब बसत नाहीं.

आपल्या घरांत काय? सासरीं आलेली मुलगी, पेन्शनींत निघालेले मास्तर, दिवाळीनंतर ऊसतोडीस गुजरातेंत जाणारें कुटुंब, यांची झोंप उडते. त्यांस आपण "देवावर भरंवसा ठेवा" म्हणतों व मोकळे होतों. गेथशेमनी बागेंत प्रभूनें तिघा शिष्यांजवळ उपदेश मागितला नाहीं; आपणाबरोबर जागे राहा, एवढेंच मागितलें. ते झोंपले. आपणही बहुधा झोंपतों, फरक इतकाच कीं आपण बोलतां बोलतां झोंपतों.

म्हणून सुनेस आठवड्यांतून एकदां माहेरची भाजी तिच्या हातची करूं द्या. मास्तरांस सकाळीं शाळेच्या वेळेस कोणी तरी हाक मारा. ऊसतोडीस जाणाऱ्यांस कोठें, किती दिवस, पोरांचें काय, हें मुकादमाकडून आधीं विचारून घेण्यास मदत करा. ठाऊक झालेलें संकट निम्में होतें. आणि दोन आठवडे झोंप व भूक परतली नाहीं, किंवा कोणी जगणें नको असें बोलूं लागला, तर त्याच दिवशीं त्यास डॉक्टरांकडे न्या. सरकारनें २०२२ पासून टेलिमानस नांवाची सोय केली आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन विनामूल्य लागतो. त्यांत कमीपणा नाहीं. ताप आला तर आपण दवाखान्यांत जातोंच कीं.

त्या वसाहतींत आम्ही पुन्हां गेलों तेव्हां मुलाला हवा तो शेजार मिळाला होता. वृद्ध गृहस्थ त्या शेजाऱ्याच्या ओट्यावर बसले होते. त्यांनीं आम्हांस ओळखलें कीं नाहीं कळेना. पण सरकून जागा दिली, आणि या खेपेस आम्ही कांहीं न बोलतां बसलों.

 जेवणाची पंगत मांडली आहे असें कळतें.