सावंतवाडीच्या राजवाड्यात



आम्ही काही शिक्षक-शिक्षिका मिळून कोकणात जाऊन आलो. आपले बरेचसे पूर्वज त्याच भागातून निघाले, मुंबईहून जहाजात बसले आणि करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत आले.

सावंतवाडी ही भोसले संस्थानिकांची जुनी राजधानी. आता गाव शांत आहे. मधोमध १८७४ साली बांधलेला मोती तलाव आणि समोर जांभ्या दगडाचा राजवाडा. आपण मजुरांची लेकरे. आपल्या पणजोबांना या दारातून आत कोणी घेतले असते का, असे मनात आले. आम्ही बिचकतच पायऱ्या चढलो.

दरबारात कारागीर बसून गंजिफा रंगवत होते. हे खेळायचे गोल पत्ते. दशावतारी गंजिफाच्या एका संचात १२० पत्ते असतात, प्रत्येक अवताराचे बारा. ही कला बंद पडायला आली होती. तेव्हा शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती स्वतः शिकले आणि मग तरुणांना वाड्यात बोलावून शिकवू लागले. राजाराणी असूनही ते शिकायला बसले!

तिथल्या एका बाईंनी आम्हांला विचारले, "तुमी खंयसून इलात?"

आम्ही एकमेकींकडे पाहतच राहिलो. 'खंय' हा आमच्या आजीचा शब्द! ती अंगणातून हाक मारायची तो. आमच्या पाठ्यपुस्तकात तो नव्हता. एखाद्या मुलाने वहीत लिहिला, तर आम्हीच तांबड्या शाईने खोडला. वर्गात शुद्ध मराठी शिकवली आणि घरी येऊन नातवंडांशी क्रिओल बोललो. आजीचा शब्द मधल्यामध्ये हरवला.

वाडा पाहायला गेलो आणि तो शब्द घेऊन परत आलो.

आता आमच्या वर्गात एक नवी वही आहे. मुले घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यांचे शब्द तीत लिहितात. त्या वहीत आम्ही तांबडी शाई वापरत नाही. पहिल्या पानावर 'खंय' आहे.

आपल्याही घरात कोणी आजी-आजोबा असतील. त्यांच्याजवळ बसा, आणि मुलांनाही बसवा.