यमुनेचा दुसरा संसार

नाताळ आला की इंग्रजीत छोट्या गावातल्या प्रेमकथांचं पीक येतं. बर्फ, चर्च, दोन एकटे जीव आणि शेवटी लग्न. आमच्या अनसिंगला बर्फ कुठला? डिसेंबरात शेतात तूर आणि दारात शेकोटी. मला या दिवसांत आठवते ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’. १८५७ सालची ही मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते. तिच्यातली विधवा यमुना ख्रिस्ती होते, पुन्हा लग्न करते. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षीचा, १८५६चा. पुस्तकात धर्मप्रचार आहे, तो लपत नाही. तरी यमुनेचं एकटेपण खरं आहे. मी मुसलमान, लिहितो मराठीत. मराठी कादंबरीचा पाळणा एका ख्रिस्ती लेखकानं हलवला, तोही विधवेच्या सुखासाठी, याचा मला आपलेपणा वाटतो.