एका यंत्रातील दोन बिऱ्हाडे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा सांभाळ थांबविला आणि घरोघरचे धडधाकट संगणक एकाएकी म्हातारे ठरले. अशा यंत्रात विंडोज राहू देऊन शेजारी लिनक्सही बसवावी, असे पुष्कळांच्या मनात येते. विचार चांगला आहे. परंतु श्रोतेहो, एका घरात दोन बिऱ्हाडे नांदवायची तर दाराची रीत आधी समजून घेतली पाहिजे.

संगणकाची कळ दाबताच प्रथम जागे होते ते फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या मुख्य फलकावरील चिपमध्ये कायम वसणारी छोटीशी आज्ञावली. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेली तिची जुनी तऱ्हा म्हणजे बायोस. ती हार्ड डिस्कचा पहिला, ५१२ बाइटांचा तुकडा वाचते आणि त्यातील आज्ञावलीच्या हाती कारभार सोपवून मोकळी होते. डिस्कच्या वाटण्यांचा तक्ताही त्याच चिमुकल्या तुकड्यात मावावा लागतो. म्हणून मुख्य पार्टिशने चारच आणि सामान्यतः दोन टेराबाइटांपलीकडील जागा आवाक्याबाहेर.

नवी तऱ्हा यूईएफआयची. इंटेलने आरंभिलेले हे काम २००५ मध्ये अनेक कंपन्यांच्या संयुक्त मंडळाकडे आले. येथे एका स्वतंत्र पार्टिशनात प्रत्येक प्रणालीची आरंभ-फाइल आपापल्या फोल्डरात असते, आणि कोणती आधी उघडावी याची यादी फर्मवेअर स्वतःजवळ बाळगते. दोन बिऱ्हाडांना हीच व्यवस्था सोयीची.

खरी गोम आहे ती संक्रमणकाळातील यंत्रांत. ती दोन्ही रीती जाणतात. विंडोज जुन्या रीतीने बसलेली आणि लिनक्स नव्या रीतीने बसविली, तर लिनक्सच्या आरंभ-सूचीतून विंडोज उघडत नाही. ती नष्ट झाली, अशा समजुतीने माणूस घाबरतो, डिस्क पुसतो आणि वर्षानुवर्षांची छायाचित्रे व कागदपत्रे गमावतो. वास्तविक विंडोज जागच्या जागी असते. चुकलेले असते ते केवळ दार.

उपाय सोपा आहे. विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘बायोस मोड’ ही ओळ पाहावी. तेथे ‘लेगसी’ असेल तर रीत जुनी, ‘यूईएफआय’ असेल तर नवी. लिनक्सचा पेनड्राइव्ह लावल्यावर आरंभ-सूचीत त्याचे नाव बहुधा दोनदा दिसते. त्यांतून विंडोजच्या रीतीशी जुळणारेच निवडावे. आणि या सर्वांआधी आपल्या फाइलींची एक प्रत यंत्राबाहेर काढून ठेवावी.

जुने यंत्र टाकून देणे सोपे असते. त्याचा स्वभाव ओळखून त्याच्याकडून आणखी काही वर्षे काम घेणे, यात खरा शहाणपणा आहे.