एका सेकंदाची लता

नातवाच्या खोलीत अमेरिकन रॅप वाजत असते आणि स्वयंपाकघरातून आजी म्हणते, ''अरे, ही तर आपली लता!'' ठाण्यात असो वा डोंबिवलीत, असा कान घरोघरी आहे आणि बहुतेक वेळा तो चुकत नाही.

जुन्या ध्वनिमुद्रिकेतला तुकडा कापून नव्या ठेक्यावर बसवायचा, याला सॅम्पलिंग म्हणतात. तुकड्याचा वेग वाढवला की आवाज बारीक होतो, कमी केला की जाडा. त्यामुळे मूळ गाणे ओळखणे अवघड जाते. एरिक सर्मनच्या २००२ मधल्या 'रिअ‍ॅक्ट'मध्ये 'ताजमहल' (१९६३) चित्रपटातल्या कव्वालीचा तुकडा आहे. संगीत रोशन यांचे, शब्द साहिर यांचे. बाई म्हणते, कुणाला आत्महत्येचीच हौस असेल तर काय करणार? रॅपरला त्यातले अक्षरही कळलेले नाही. ती म्हणते तोच मी, असे तो खुशाल सांगतो!

पण हा मामला केवळ गमतीचा नाही. त्याच वर्षी ट्रुथ हर्ट्‌स या गायिकेच्या 'अ‍ॅडिक्टिव्ह' गाण्यात 'ज्योती' (१९८१) चित्रपटातले लताबाईंचे गाणे आले. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे नाव कुठेच नव्हते. २००३ मध्ये अमेरिकन न्यायालयाने नाव दिल्याशिवाय विक्री थांबवण्याचा आदेश दिला. पुढे मात्र गाण्याचे हक्क त्यांच्याकडे नाहीत, असे ठरले आणि दावा टिकला नाही.

दुसरे उदाहरण द गेम या रॅपरच्या 'द डॉक्युमेंटरी' या २००५ च्या अल्बमचे. त्यातल्या एका गाण्यात 'आराधना' (१९६९) मधल्या 'बागों में बहार है'चा जेमतेम एक सेकंदाचा तुकडा असल्याचा दावा सारेगामाने केला. निकाल २०११ मध्ये लागला, तोही सारेगामाच्या विरुद्ध. कारण काय? शक्ती फिल्म्सशी १९६७ साली झालेल्या करारामुळे ध्वनिमुद्रणाची कायमची मालकी कंपनीकडे आलेली नाही, असे न्यायालयाला दिसले. चाळीस वर्षांपूर्वीचा कागद निर्णायक ठरला.

म्हणजे शोध दोन टप्प्यांचा. गाणे कान ओळखतो. ते कुणाचे, हे मात्र कागद सांगतो. आपल्याकडेही गळा लक्षात राहतो, गीतकार विसरतो. ठाण्याचे नगराध्यक्षपद भूषवलेले पी. सावळाराम यांची किती गाणी आपण नुसती 'लताची' म्हणून गुणगुणतो!

इमारती पाडून नव्या होताना जुन्या तबकड्या आणि कॅसेट भंगारात जातात. तबकडीच्या मधल्या गोल लेबलवर, कॅसेटच्या घडीच्या कागदावर संगीतकार आणि गीतकारांची नावे असतात. यंत्र बिघडले असेल तर ते खुशाल द्या. पण ते लेबल, ते कव्हर आधी नीट वाचा आणि जपून ठेवा. उद्या कुणी तो तुकडा उचललाच, तर मूळ कलावंताचे नाव सांगणारा तेवढाच पुरावा हाताशी असेल.