अंबाजोगाईच्या लेखातला राम



अध्यक्षीय भाषणासाठी वर्षभराच्या संशोधनाचा आढावा लिहून आणला होता. तो खिशातच राहू द्या. कारण सकाळपासून इथे एकच वाद रंगलाय. रामायणातला जटायू पडला तो बीडला, जटाशंकराच्या देवळापाशी, की नाशिककडच्या टाकेदला? आंध्रातले लेपाक्षी आणि केरळातले जटायुपारा रांगेत उभे आहेतच. त्यात पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी रामायणावरच्या 1973 सालच्या पुस्तकात लंकाच मध्य भारतात आणून ठेवली. म्हणजे पक्ष्याची वाटच बदलली!

चाळीसेक वर्षांपूर्वी याच अंबाजोगाईत मी एका यादवकालीन शिलालेखाचा अर्थ लोकांना सांगत होतो. 'राम' हे नाव आले आणि एका म्हाताऱ्याने हात जोडले. "गुरुजी, म्हंजी आपला राम हितं आलता म्हणा की!" मी म्हटले, बाबा, हा राम खोलेश्वराचा मुलगा. खोलेश्वर सिंघण यादवाचा सेनापती. राम गुजरातच्या स्वारीत नर्मदाकाठी पडला आणि त्याच्या बहिणीने, लक्ष्मीने, त्याच्यासाठी इथे देऊळ बांधले. लेख शके 1162 चा, म्हणजे 1240 चा. म्हातारा हिरमुसला. मग हळूच म्हणाला, "भईनीनं बांधलं? तिचं नाव सांगा पुन्यांदा."

माझ्यापुरता वाद तिथेच मिटला. जटायूची हाडे शोधू नका. बीडकरांनी ही कथा केव्हापासून सांगायला घेतली, ते शोधा. हत्तीखाना लेण्यांतले दगडी हत्ती म्हणजे योगेश्वरी देवीचे वऱ्हाड, असे इथले पोरही सांगते. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरले, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचे झाले. आता ही योगेश्वरी, कोकणस्थांची कुलदेवी, समुद्र सोडून बालाघाटावर का, हा खरा ऐतिहासिक प्रश्न. त्याचे उत्तर लोकांनी अर्धवट मोडलेल्या लग्नात बसवले आहे. (लग्न मोडलेले का, पुरे का झाले नाही, यावर कुणी प्रबंध लिहिला तर मी वाचीन.)

पण हे सगळे ताडून पाहायला शिळा शिल्लक हवी ना! आपल्याच जिल्ह्यातले एक देऊळ. गावाचे नाव घेत नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा भिंतीत अकरा ओळींचा लेख होता. दुसऱ्यांदा त्यावर ऑइलपेंट. तिसऱ्यांदा जीर्णोद्धार झालेला, चकचकीत फरशी आणि लेख गायब. गवंडी म्हणाला, "दगड सपाट व्हता, पायरीला घेतला. अक्षरं खाली केली, पाय घसरू नये म्हणून." बाहेर मोठा फलक: प्रभू रामचंद्रांच्या पदस्पर्शाने पावन झालेली भूमी. पदस्पर्श होतो खरा, रोज, त्या लेखाच्या पाठीवर. असल्या नासधुशीविरुद्ध मी वर्षानुवर्षे अर्जविनंत्या केल्या. आज माइक हातात आहे म्हणून ओरडून घेतो.

तालुकावार शिलालेखांची नोंदवही झाली पाहिजे. कोण करणार, खर्च कुणाचा, ते जेवणानंतर बोलू.

त्या अकरा ओळींपैकी पाच ओळींचा ठसा माझ्याकडे आहे. ओला कागद ठोकून बसवला, बोळा फिरवला आणि शाई संपली. एसटीची वेळ झाली होती. उरलेल्या सहा पुढच्या खेपेला घेऊ, म्हणालो होतो.