बाळंतिणीचं मन

आज कर्जाबद्दल आणि हप्त्यांबद्दल बोलायचं नाही, पण सुरुवात दंडाच्या पावतीपासूनच करावी लागेल.

आमच्या एका गटातली पहिलटकरीण माहेराहून सव्वा महिन्याने परत आली आणि सलग तीन बैठकांना आलीच नाही. नियमाप्रमाणे बैठकीमागे १० रुपये दंड. आम्ही ३० रुपये वसूल करायला तिच्या घरी गेलो. बाळ सासूच्या मांडीवर रडत होतं आणि ही भिंतीकडे तोंड करून बसलेली. पैसे मुकाट्याने दिले. एकीने चेष्टेत विचारलं, "काय गं, घरात बाळ आलं नि तोंड असं का?" ती म्हणाली, "मला त्याच्याजवळ जावंसंच वाटत नाही. मी आई व्हायलाच नको होतं."

आम्ही काय केलं? "असं बोलू नये गं, सगळ्यांनाच पोरं होतात," म्हणालो आणि चहा पिऊन परत आलो.

पुढच्या बैठकीत आशाताईंना हे सांगितलं, तेव्हा त्या आमच्यावर रागावल्याच. मग त्यांच्या ओळखीने प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंना भेटलो. त्यांनी समजावलं ते असं. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं खूप वाढलेली असतात. वार पडली की थोड्याच दिवसांत ती एकदम खाली येतात. त्यात झोपेचं खोबरं, अंगात रक्त कमी. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतीण उगाच रडते, चिडते. पुष्कळ जणींना असं होतं आणि दोन आठवड्यांत ते आपोआप जातं. दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, जेवण जात नसेल, बाळाची माया वाटत नसेल किंवा सारखी भीती वाटत असेल, तर तो आजार आहे. नखरे नव्हेत, बाहेरचं नव्हे, आळस तर नव्हेच. थायरॉइड बिघडल्यानेही असं होऊ शकतं, म्हणून रक्त तपासतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे आपल्यासारख्या देशांत बाळंतपणानंतर शंभरातल्या जवळजवळ २० बायांना मनाचा आजार होतो, मुख्यतः उदासीनतेचा.

मेंदूतही बदल होतात, हे आम्हाला नवीनच होतं. २०१६ साली स्पेनमधल्या संशोधकांनी पहिलटकरणींच्या मेंदूची चित्रं दिवस राहण्याआधी आणि बाळंतपणानंतर काढून ताडून पाहिली. दुसऱ्याच्या मनातलं ओळखायचं काम जिथे चालतं, तिथला करडा भाग थोडा कमी झालेला दिसला. दोन वर्षांनीही तो बदल बराचसा टिकून होता. हे ऐकून आमच्यातली एक म्हणाली, "म्हणजे पोरं झाल्यावर अक्कल कमी होते, हे नवरे म्हणतात ते खरंच की!" तसं नाही. स्मरणशक्तीच्या चाचणीत त्या बाया मागे पडल्या नव्हत्या. द्राक्षाच्या वेलाची छाटणी केली म्हणजे वेल कमी होत नाही, जोर हव्या त्या फांदीला जातो, तसं काहीसं हे असावं असं संशोधकांना वाटतं. ज्यांच्यात हा बदल जास्त, त्यांची बाळाशी ओढही जास्त दिसली. पण एवढी उलथापालथ चालू असताना बाईला विश्रांती आणि माणूस लागतं. आपण तिला शेक देतो, धुरी देतो, डिंकाचे लाडू देतो, कानाला फडकं बांधतो. बरं वाटतंय का, हे मात्र कुणी विचारत नाही.

बैठकीत हे वाचून दाखवलं, तेव्हा एक सासूबाई फणकारल्या, "आम्ही चार-चार पोरं काढली, आम्हाला नाही कधी असलं झालं." बऱ्याच वेळाने कोपऱ्यातून साठीची एक आजी बोलली, "मला झालं होतं. दुसऱ्या खेपेला मी विहिरीपर्यंत जाऊन आले होते. कुणाला सांगितलं नाही." तिची सूनही तिथेच बसली होती.

हजारात एखाद-दुसरी बाळंतीण अगदी वेगळं वागू लागते. रात्र रात्र झोपत नाही, भास होतात, घरच्यांवर संशय घेते, भलतंसलतं बोलते. तिथे अंगारा-धुपारा करत बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आणि तोवर तिला बाळाबरोबर एकटी ठेवू नका. मरणाचं बोलली तरीही हेच करायचं.

आमच्या मैत्रिणीला आधी आरोग्य केंद्रात आणि तिथून जिल्हा रुग्णालयात नेलं. नवरा सोबत आला, हे बरं झालं. औषधं सुरू झाली. अंगावर पाजताना चालतील अशी औषधं असतात, डॉक्टरांना तसं सांगायचं आणि आपल्या मनाने दूध तोडायचं नाही. रात्रीचं एक पाजणं झालं की सासू बाळ घेऊन दुसऱ्या खोलीत झोपू लागली, म्हणजे हिला सलग चार तास मिळत. सासूने हे सहज केलं नाही, आम्हाला तीनदा जावं लागलं.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ४२ दिवसांत ६ वेळा घरी येतात. त्यांना बाळाच्या वजनाबरोबर हेही सांगा. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

गटाने आता ठराव केला आहे. बाळंतिणीला सहा महिने दंड नाही, आणि बैठक चुकली की दोघींनी तिच्या घरी जायचं. आमची मैत्रीण सातव्या महिन्यात बाळाला घेऊन बैठकीला आली. तिचे ३० रुपये परत करायचे होते, पण वहीत खोडाखोड चालत नाही, म्हणून आम्ही वर्गणी काढून बाळाला टोपडं आणलं.