घर सांभाळून पदवी

पुण्यात स्त्रियांच्या अर्धवेळ शिक्षणाची सुरुवात दुपारच्या वर्गांपासून झाली. 1909 मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुणे सेवासदन स्थापन झाले. प्रौढ, विवाहित स्त्रियांसाठी तिथे दुपारी वर्ग भरत. स्वयंपाक, जेवणे, उष्टी-खरकटी उरकल्यावर तेवढाच वेळ बायकांच्या हाती उरे.

त्यापुढचे पाऊल महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली आणि 1916 मध्ये पाच विद्यार्थिनींसह भारतातले पहिले महिला विद्यापीठ पुण्यात उभे राहिले. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा होते. इंग्रजीच्या उंबरठ्याशी अडणाऱ्या मुलींसाठी हा निर्णय फीच्या सवलतीपेक्षाही मोलाचा म्हणावा लागेल. घरी अभ्यास करून परीक्षेला बसण्याची सोयही या विद्यापीठाने ठेवली. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे, नाव विद्यापीठाला लाभले. 1936 मध्ये मुख्यालय मुंबईला गेले. शासनाची वैधानिक मान्यता मात्र 1951 पर्यंत लांबली.

पुणे विद्यापीठ 1949 चे. पुढे त्याच्या बहिःस्थ परीक्षांमुळे कॉलेजात न जाताही बी.ए., बी.कॉम. करता येऊ लागले. 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. बारावी न झालेल्यांनाही त्याने पूर्वतयारी अभ्यासक्रमातून पदवीची वाट खुली केली. पाठ्यपुस्तके मराठीत, संपर्कसत्रे बहुधा सुट्टीच्या दिवशी.